गाजलेला गेम घेण्याआधी

कोकणातल्या आमच्या हेदवीला आलेला पाहुणा दशभुज लक्ष्मीगणेशाचं दर्शन घेतो आणि गाडी समुद्राकडे वळवतो, बामणघळ बघायला. कुणाच्या तरी व्हिडिओत त्याने ती पाहिलेली असते: काळ्या कातळातली अरुंद भेग, तिच्यात घुसणारी लाट आणि उंच उडालेलं पांढरंशुभ्र पाणी. उमामहेश्वराच्या देवळापासून कातळावरून तोल सांभाळत तो तिथे पोचतो, तर घळीच्या तळाशी पाणी नुसतं डुचमळत असतं. ओहोटी लागलेली. "ह्याच्यासाठी एवढ्या लांब आलो?" असं म्हणत तो एक सेल्फी काढतो आणि परत फिरतो. व्हिडिओ खोटा नव्हता. तो भरतीला काढलेला होता, बहुधा अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला. भरतीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते, हे व्हिडिओवाल्याने सांगितलं नाही आणि बघणाऱ्याने विचारलं नाही.

गाजलेल्या व्हिडिओ गेमचंही असंच होतं. 'मास्टरपीस', 'दशकातला सर्वोत्तम', दहापैकी दहा गुण. ही स्तुती बहुतेक वेळा मनापासूनच केलेली असते. ती कुठल्या मशीनवर, गेम आल्यावर किती दिवसांनी आणि कसली आवड असलेल्या माणसाने केली, एवढं मात्र तिच्यात लिहिलेलं नसतं. ते घेणाऱ्याने उकरून काढायचं. गेमला दोन-तीन हजार रुपये आणि तो उतरवून घ्यायला आठवडाभराचं इंटरनेट घालवायचं असेल, तर एवढी चौकशी करायलाच हवी. चौकशी कशी करायची ते सांगतो. नमुना म्हणून आपल्याच राज्यात तयार झालेला, भरपूर कौतुक झालेला गेम घेऊ: पुण्याचा 'राजी: ॲन एन्शंट एपिक'.

'राजी' स्तुतीला उतरतो का?

नॉडिंग हेड्स गेम्स हा पुण्याचा छोटा स्टुडिओ. अविचल सिंग, श्रुती घोष आणि इयान मॉड या तिघांनी तो उभा केला. २०१७ साली किकस्टार्टरवर लोकवर्गणीतून पैसे जमवायचा त्यांचा प्रयत्न फसला, तरी काम थांबलं नाही. १८ ऑगस्ट २०२० रोजी निन्टेंडोच्या ऑनलाइन कार्यक्रमात गेम दाखवला गेला आणि त्याच दिवशी त्यांच्या स्विच या कन्सोलवर विक्रीला आला. ऑक्टोबरात पीसी, प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्सवर आला. त्या वर्षीच्या 'द गेम अवॉर्ड्स'मध्ये पदार्पणाच्या सर्वोत्तम गेमसाठी त्याला नामांकन मिळालं. पुरस्कार 'फॅस्मोफोबिया'ने नेला, पण भारतात बनलेल्या गेमचं नाव त्या यादीत दिसणं ही तोवर कुणी फारशी न पाहिलेली गोष्ट होती. लॉकडाऊनमुळे सगळे घरी बसलेले. मग काय, आपल्याकडे कौतुकाचा पूर आला.

गोष्ट साधी आहे. राजी ही सर्कशीत कसरती करणारी मुलगी. असुर तिच्या धाकट्या भावाला, गोलूला, पळवून नेतात. दुर्गा तिला त्रिशूळ देते आणि ती भावाच्या शोधात निघते. दुर्गा आणि विष्णू तिच्या वाटचालीवर आपसांत बोलत राहतात, तेच कथेचे निवेदक. शेवटी गाठ पडते महाबलासुराशी.

आता स्तुती एकेक करून तपासू. पहिली आणि सर्वांत मोठी स्तुती देखाव्याची. ती शंभर टक्के खरी. राजस्थानातल्या किल्ल्यांची आठवण करून देणारे वाडे, पाण्यात उभी नगरी, पहाडी चित्रांचे रंग, भिंतींवरची देवांची चित्रं. मधले कथाप्रसंग सावल्यांच्या बाहुल्यांतून दाखवलेले आहेत. कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर मंडळींचा चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ ज्याने पाहिला आहे, तो त्या जागी थांबेलच. काही ठिकाणी मी राजीला उगीच उभी करून नुसता बघत बसलो, आणि बक्कळ पैसे खर्चून केलेल्या परदेशी गेममध्येही माझ्याकडून असं क्वचित होतं.

दुसरी स्तुती कथेची आणि पुराणाची. इथे जरा थांबायला हवं. भिंतीवरच्या चित्रापाशी राजी उभी राहिली की निवेदक ती कथा सांगतात: महिषासुर, विष्णूचे अवतार वगैरे. ज्या परदेशी समीक्षकाने हे पहिल्यांदा ऐकलं, त्याला नवं जग सापडलं आणि त्याने तसं लिहिलं. जत्रेत रात्रभर दशावतार बघितलेल्या कोकणी माणसाला यात नवं काही कळणार नाही. त्याला मिळतो तो ओळखीचा आनंद, आणि तो वेगळा असतो. काहींना तो जास्त प्यारा वाटेल. काहींना मात्र, मला वाटलं तसं, वाटेल की देवांनी जरा कमी बोलावं आणि मुलीला आपली आपण वाट काढू द्यावी. मूळ गेम इंग्रजीत बोलत होता. २०२२ च्या सुधारित आवृत्तीत हिंदी आवाज आले, आणि माझ्या मते दुर्गेने हिंदीत बोलल्यावर गेम निम्म्याने सुधारला. खेळणार असाल तर तीच आवृत्ती खेळा आणि आवाज हिंदीच ठेवा.

तिसरी गोष्ट लढाईची, आणि कौतुकाच्या लेखांत हीच एका ओळीत उरकलेली असायची. राजी खांबाला गिरक्या घेते, भिंतीवरून धावत जाऊन उलटी उडी मारते, त्रिशूळ फिरवते, पुढे धनुष्य येतं, ढाल-तलवार येते. पहिला तासभर मजा येते. नंतर मात्र चौकात शिरायचं, वाटा बंद होणार, असुर येणार, सगळे मारले की वाटा उघडणार, हेच पुन्हा पुन्हा. कॅमेरा आपल्या हातात नाही, त्यामुळे उडी कुठे पडेल याचा अंदाज कधी कधी चुकतो आणि पोरगी खाली कोसळते. लोकांनी त्या काळात या गेमची तुलना 'गॉड ऑफ वॉर'शी आणि 'प्रिन्स ऑफ पर्शिया'शी केली. 'गॉड ऑफ वॉर'ची अपेक्षा ठेवून बसलात तर फसाल. मोजक्या माणसांनी तुटपुंज्या पैशात केलेल्या गेमवर ती अपेक्षा लादणं त्या गेमवरही अन्याय आहे.

आणि शेवट. गेम पाच-सहा तासांत संपतो, संपतो म्हणजे तुटतोच. महाबलासुराशी लढून झाल्यावर आपण पुढच्या प्रकरणाची वाट बघतो, तर नामावली सुरू. अनेकांची मुख्य तक्रार हीच होती आणि मला ती रास्त वाटते. "फक्त पाच तास?" या दुसऱ्या तक्रारीशी मात्र मी सहमत नाही. आमच्या पिढीने संगणकाच्या क्लासमध्ये जो 'प्रिन्स ऑफ पर्शिया' खेळला, त्यात राजकन्येला सोडवायला उणापुरा एक तास मिळायचा. त्या एका तासावर पोरांनी वर्षं काढली. रुपये भागिले तास असा हिशेब मांडला, तर तीच तीच कामं करायला लावून शंभर तास खाणारा गेम सर्वांत स्वस्त ठरतो, आणि तसे गेम अर्धवट टाकलेले मी घरोघरी पाहिले आहेत.

तर 'राजी' स्तुतीला उतरतो का? देखाव्याच्या बाबतीत पूर्ण, कथेच्या बाबतीत अर्धा, लढाईच्या बाबतीत नाही. पण जगभरच्या समीक्षकांचं मत मिश्र असताना आपल्याकडे तो सर्रास 'जागतिक दर्जाचा' ठरला, त्याचं कारण गेममध्ये नव्हतं. ते अभिमानाचं कौतुक होतं. अभिमान बाळगावा, पण पैसे देताना तो बाजूला ठेवावा. 'पदार्पण' या गटातलं नामांकनही नीट वाचावं: पहिल्याच प्रयत्नात यांनी एवढं केलं, ही त्यातली शाबासकी आहे. तुमची रविवारची दुपार कशी जाईल, याचं उत्तर त्यात नाही. सवलतीत मिळाला तर मी हा गेम चित्रकलेची, शिल्पांची आवड असलेल्या कुणालाही घ्यायला सांगेन, बारा-तेरा वर्षांच्या पुतणीला तर नक्कीच. हाणामारीसाठी गेम घेणाऱ्या तिच्या भावाला सांगणार नाही.

कोणाच्या मशीनवरची स्तुती?

आता नमुना बदलू, कारण 'राजी'ला जुजबी ग्राफिक्स कार्डही पुरतं आणि खरे घोटाळे मोठ्या गेममध्ये होतात. सर्वांत शिकवणारं उदाहरण 'सायबरपंक २०७७'चं. १० डिसेंबर २०२० रोजी तो आला, त्याआधीच ८० लाख लोकांनी पैसे भरून ठेवले होते. आधी आलेली परीक्षणं उत्तम होती. पण ती सगळी पीसीवरची. कंपनीने समीक्षकांना आधी पीसीचीच प्रत दिली होती, आणि परीक्षणात स्वतः रेकॉर्ड केलेलं चित्रण दाखवायची त्यांना मुभा नव्हती. ज्यांनी जुन्या प्लेस्टेशन ४ वर घेतला त्यांच्यासमोर गेम अडखळत, मध्येच बंद पडत चालला. परीक्षणांचे गुण एकत्र करणाऱ्या मेटाक्रिटिकवर पीसीची सरासरी ८६ आणि प्लेस्टेशन ४ ची ५७, एकाच गेमची. आठवड्याभरात सोनीने तो आपल्या दुकानातून काढून टाकला आणि लोकांना पैसे परत दिले. तो परत यायला जून २०२१ उजाडलं.

म्हणून गेमचं कौतुक ऐकलं की पहिला प्रश्न: बोलणाऱ्याकडे कुठलं यंत्र आहे? यूट्यूबवर गेमचं नाव आणि तुमच्या लॅपटॉपमधल्या ग्राफिक्स कार्डचं नाव एकत्र लिहून शोधा. बऱ्याचदा कुणीतरी त्याच कार्डावर गेम चालवून दाखवलेला असतो, आणि कोपऱ्यात फ्रेमचे, म्हणजे सेकंदाला किती चित्रं पडद्यावर येतात त्याचे, आकडे हलताना दिसतात. आकडा तीसच्या वर टिकून असला तर चालेल. सारखा वीसकडे घसरत असेल तर सोडून द्या. त्या व्हिडिओतही पहिली दहा मिनिटं बघू नका. सुरुवात प्रत्येक गेमची घासूनपुसून केलेली असते. मधला भाग बघा, गर्दीतला, पावसातला, लढाईतला. विक्रीच्या पानावर 'किमान' आणि 'शिफारस' असे दोन रकाने असतात. 'किमान'चा अर्थ गेम सुरू होईल एवढाच घ्यावा.

दुसरा प्रश्न आमच्यासारख्या गावातल्यांसाठी पहिल्याहून मोठा: गेम घरी आणायचा कसा? 'बाल्डर्स गेट ३' हा २०२३ चा डोक्यावर घेतलेला गेम. मला तो फार आवडतो. त्याला १५० जीबी जागा लागते. रोज २ जीबीच्या मोबाईल रिचार्जवर तो उतरवायचा म्हटलं तर ७५ दिवस, म्हणजे गणपतीत सुरू केला तर दिवाळी उलटून जाईल, आणि तेवढे दिवस घरात कुणी एक व्हिडिओही बघायचा नाही. २० एमबीपीएसची लाईन असेल तर सलग सतरा तास. 'सलग' हा शब्द हेदवीत पावसाळ्यात कुणी वापरत नाही. 'ब्लॅक मिथ: वुकाँग'ला १३० जीबी, 'सायबरपंक'ला ७०. शिवाय दर काही आठवड्यांनी अपडेट. पुण्या-मुंबईत बसून "घेऊन टाक रे, मस्त आहे" म्हणणाऱ्या मावसभावाच्या डोक्यात हा हिशेब येत नाही, त्यात त्याचा दोष नाही.

यावर एक सोपा उपाय आहे आणि तो फार कमी जणांना माहीत असतो. स्टीम या पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानातून उतरवलेल्या गेमची बॅकअप प्रत काढता येते. मुंबईच्या भावाकडे तोच गेम असेल, तर त्याने ती प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्यायची आणि सणाला येताना आणायची. तुमच्या खात्यावर तुम्ही स्वतः विकत घेतलेला गेम असला पाहिजे, एवढीच अट. मग तुमच्या लॅपटॉपवर ती प्रत चढवायची, म्हणजे मधल्या काळातला फरक तेवढा उतरवावा लागतो. तेच गेम दोन लॅपटॉपवर हवे असतील तर घरच्या वायफायवरून एका यंत्रातून दुसऱ्यात पाठवायची सोयही स्टीमने २०२३ पासून दिली आहे.

गेम एकट्याने खेळायचा असूनही सतत इंटरनेट मागतो का, तेही आधी बघावं. काही मागतात. जे मागत नाहीत ते स्टीमच्या ऑफलाइन मोडमध्ये चालतात, मात्र नेट असताना एकदा गेम सुरू करून बंद करायला विसरू नका. आणि वीज. गेममध्ये हवं तिथे सेव्ह करता येतं, की ठरावीक टप्प्यावरच? वाऱ्याने तारेवर माडाची झावळी पडली की डेस्कटॉपवाल्याचा अर्धा तास गेला. परीक्षणात हा मुद्दा तुम्हाला सापडणार नाही, कारण परीक्षण लिहिणाऱ्याची लाईट जात नाही.

आकडे कसे वाचायचे

स्टीमवर एखाद्या गेमला ९२ टक्के दिसले की लोक त्याला ९२ गुण समजतात. तसं नाही. तिथे फक्त अंगठा वर किंवा खाली एवढंच मत देता येतं. ९२ टक्के म्हणजे शंभरातल्या ब्याण्णव जणांना गेम 'बरा वाटला', मग तो कसाबसा बरा असो की आयुष्यातला सर्वोत्तम. मेटाक्रिटिकचा आकडा वेगळा, ती समीक्षकांनी दिलेल्या गुणांची सरासरी असते. निरुपद्रवी, कुणालाच न खुपणारा छोटा गेम स्टीमवर ९५ टक्के मिळवू शकतो आणि धाडसी, लोकांना दोन गटांत पाडणारा गेम ७० वर अडकतो. मला स्वतःला सत्तरीतले गेम जास्त लक्षात राहिले आहेत. ४० ते ६९ टक्क्यांना स्टीम 'मिश्र' म्हणतं. तिथेही लगेच पाठ फिरवू नका, लोक कशावर चिडलेत ते वाचा. कधी गेमवर चिडलेले असतात, कधी भाषांतरावर, कधी कंपनीच्या एखाद्या निर्णयावर.

प्रत्येक मतासोबत, ते लिहिताना माणूस किती तास खेळला होता, हे दिसतं. तीच खरी किल्ली. दीड तासात लिहिलेलं कौतुक म्हणजे लग्नाच्या मांडवातलं कौतुक. मी आधी नापसंतीची मतं लावतो, त्यातली वीसेक तास खेळलेल्यांची वाचतो. तक्रार माझ्या स्वभावाला लागू पडते का, एवढंच बघतो. "फार वाचावं लागतं", "लढाई हळू आहे", "दिशा दाखवत नाहीत" या तक्रारी माझ्यासाठी जाहिराती आहेत. "शेवटच्या तिसऱ्या भागात तीच तीच कामं" ही मात्र धोक्याची घंटा. 'अलीकडची' आणि 'एकूण' अशी मतांची दोन वेगळी मोजमापं असतात, त्यांत मोठा फरक असेल तर मधे काहीतरी घडलेलं आहे: एकतर गेम सुधारला, नाहीतर अपडेटने बिघडवला.

आणि हवेतले आकडे मोजूच नका. पूर्वनोंदणी, ट्रेलरचे व्ह्यूज, ट्रेंडिंग. २ सप्टेंबर २०२० रोजी पबजी मोबाईलवर बंदी आली, दोनच दिवसांत अक्षय कुमारने 'फौजी'ची घोषणा केली आणि देशभर तो पबजीला देशी उत्तर ठरला. एन-कोअर या बंगळुरूच्या कंपनीचा हा गेम. २६ जानेवारी २०२१ ला आला तेव्हा त्यात गलवान खोऱ्यातली हातघाईची एकट्याची मोहीम तेवढी होती. पबजीसारखी शंभर जणांची लढाई नव्हती, बंदुकाही नव्हत्या. लाखोंनी आधी नोंदणी केली होती. काही दिवसांतच प्ले स्टोअरवरच्या ताऱ्यांची सरासरी तीनच्या आसपास घसरली. पुण्याच्याच सुपरगेमिंगच्या 'इंडस'ने पूर्वनोंदणीत एक कोटीचा आकडा ओलांडला होता. १६ ऑक्टोबर २०२४ रोजी तो आला आणि खेळून झाल्यावर मतं दुभंगली. मी 'इंडस'ला वाईट म्हणणार नाही. भविष्यातल्या भारताची त्याची कल्पना मजेदार आहे, आणि 'कॉस्मियम' मिळवून सामना जिंकायची वेगळी वाट त्यांनी ठेवली, हेही चांगलं. पण पूर्वनोंदणीला एक रुपया पडत नाही. जी गोष्ट फुकट आहे ती एक कोटी लोकांनी केली, यावरून गेमबद्दल काहीही कळत नाही.

यूट्यूबवर खेळून दाखवणाऱ्यांचं मत किती मानायचं? व्हिडिओ पुरस्कृत आहे का ते आधी बघा. नसला तरी लक्षात ठेवा, की हजारो लोक बघत असताना ओरडत खेळणं आणि रात्री जेवण झाल्यावर एकट्याने खेळणं यात फार अंतर आहे. त्याला मिळालेली मजा अर्धी तुमच्यासारख्या बघणाऱ्यांकडून आलेली असते.

पैसे देण्याची पद्धत

आगाऊ पैसे भरू नका. डिजिटल प्रत काही संपत नाही. आधी घेतल्यावर एखादा जादाचा पोशाख किंवा तलवार देतात, ती तिसऱ्या तासाला निरुपयोगी होते. एकट्याने खेळायचा गेम जितका उशिरा घ्याल तितका तो स्वस्त आणि दुरुस्त मिळतो. 'सायबरपंक' सप्टेंबर २०२३ मध्ये २.० अपडेटनंतर ज्याने पहिल्यांदा खेळला, त्याला आधीचा गोंधळ दंतकथा वाटते. 'नो मॅन्स स्काय' २०१६ ला आला तेव्हा लोकांनी शिव्या घातल्या, पुढे वर्षानुवर्षं फुकट अपडेट देऊन त्यांनी तो भरून काढला. ऑनलाइन सामन्यांच्या गेमला मात्र हा नियम उलटा लावायचा. तिथे उशीर केला की खेळायला माणसंच उरत नाहीत. सध्या रोज किती जण खेळताहेत तो आकडा बघून मगच पैसे घाला. आणि गावातल्या नेटवर पिंग, म्हणजे सर्व्हरपर्यंत जाऊन यायला लागणारा वेळ, किती येतो हे फुकटच्या एखाद्या गेमवर आधी तपासा.

परताव्याचे नियम पाठ करण्यासारखे आहेत. स्टीमवर घेतल्यापासून १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांहून कमी खेळला असेल तर पैसे परत मिळतात, कारण कुठलंही चालतं. एपिकच्या ऑनलाइन दुकानातही साधारण तसंच. प्ले स्टोअरवर ४८ तासांच्या आत मागता येतात. प्लेस्टेशनच्या दुकानात १४ दिवस असले तरी एकदा डाउनलोड सुरू केलं की सहसा हक्क गेला, तेव्हा तिथे दुप्पट विचार करून घ्या.

स्टीमचे ते दोन तास नीट वापरायचे. गेम उघडल्यापासून घड्याळ चालू होतं, मेनूत बसलात तरी. 'बाल्डर्स गेट ३'मध्ये आपल्या पात्राचं नाक-डोळे ठरवण्यातच पाऊण तास जातो. म्हणून पहिल्या बैठकीला तयार पात्र घ्या, ग्राफिक्स मध्यमवर लावा आणि थेट खेळायला लागा. लाईट आणि नेट भरवशाचं असेल अशी वेळ निवडा. दीड तास झाला की बंद करा आणि जेवून या. जेवताना डोक्यात गेम घोळत असेल तर ठेवा. घोळत नसेल तर परत करा, मग जगाने त्याला दहापैकी दहा दिलेले असोत. डेमो उपलब्ध असेल तर याचीही गरज नाही. स्टीमच्या 'नेक्स्ट फेस्ट'मध्ये वर्षातून काही वेळा शेकड्यांनी डेमो फुकट खेळायला मिळतात आणि ते बहुतेक लहान आकाराचे असतात.

पेन ड्राइव्हवरून फिरणाऱ्या चोरीच्या प्रतीवरून मत बनवू नका. ती बहुतेक वेळा पहिल्या दिवसाची, दुरुस्त्या न झालेली प्रत असते, आणि सोबत काय काय आणते ते लॅपटॉप दुरुस्त करणाऱ्याला विचारा.

पालकांसाठी दोन शब्द. मुलगा 'सगळे खेळतात' म्हणून गेम मागत असेल तर वयोगट आधी बघा. 'सायबरपंक' सरळसरळ १८ वर्षांवरच्यांसाठी आहे, 'बाल्डर्स गेट ३'सुद्धा मुलांचा नाही. २०२५ च्या कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आली, त्यात हे गेम मोडत नाहीत, तेव्हा त्या बातमीवरून घाबरून जाऊ नका. फोनवरच्या फुकट गेममधली खरेदी मात्र बंद करून ठेवा. एकदा पैसे देऊन घेतलेला गेम पुढे सहसा तुमच्या खिशात हात घालत नाही, फुकटचा घालतो. आणि जमलं तर पहिला तास मुलाशेजारी बसून बघा. 'राजी'सारखा गेम असेल तर आजीलाही बसवा, भिंतीवरच्या अर्ध्या कथा ती निवेदकाच्या आधी सांगेल.

नॉडिंग हेड्सने पुढचा गेम जाहीर केला आहे, 'राजी: कलियुग'. ट्रेलर देखणा आहे, कौतुक सुरू झालं आहे आणि गेम आल्यावर पहिल्या आठवड्यात ते आणखी वाढेल. मी त्यात तीन गोष्टी बघणार आहे: लढाई दुसऱ्या-तिसऱ्या तासानंतर बदलते का, वीस तास खेळलेले लोक शेवटाबद्दल काय म्हणतात, आणि माझ्या जुन्या कार्डावर फ्रेम किती मिळतात. तोवर तो स्टीमच्या विशलिस्टमध्ये टाकून ठेवायला हरकत नाही. सवलत लागली की ईमेल आपोआप येतो.